‘टू’ म्हणजे दोन की पर्यंत? फ्लाइंग टायगर ६६ चं प्रकरण

१९ फेब्रुवारी १९८९. सकाळी साडेसहाच्या सुमाराला ‘फ्लाइंग टायगर’ या अमेरिकन कंपनीचं एक बोइंग ७४७ मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे येत होतं. रेडिओवर त्याची ओळख ‘टायगर सिक्स सिक्स’. आत चार माणसं : दोन वैमानिक, एक फ्लाइट इंजिनिअर आणि एक मेकॅनिक. जमिनीवरच्या नियंत्रकाने उंची कमी करायला सांगितलं, ते असं :

‘टायगर सिक्स सिक्स, डिसेंड टू फोर झिरो झिरो. क्लिअर्ड फॉर एनडीबी अप्रोच रनवे थ्री थ्री.’

(एनडीबी अप्रोच म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ-दिव्याची दिशा पाहत उतरायची पद्धत.) कॅप्टनने उत्तर दिलं : ‘ओके, फोर झिरो झिरो.’

नियंत्रकाने सांगितली होती २,४०० फूट उंची. कॅप्टनने धरली ४०० फूट. विमान उतरत उतरत पुचाँग भागातल्या एका टेकडीवर आदळलं आणि चौघेही गेले.

हे संभाषण रोमन लिपीत छापलं की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, यात गोंधळ तो काय झाला? आकड्याच्या स्पेलिंगमधला डब्ल्यू समोर दिसत असतो. वर देवनागरीत लिहिलेलं वाक्य मात्र पुन्हा वाचून पाहा. ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’ यातला ‘टू’ आकडा आहे की शब्दयोगी अव्ययाचं काम करणारा छोटा शब्द, हे अक्षरांवरून सांगता येत नाही. कॉकपिटमध्ये हेच ऐकू आलं होतं. या एका बाबतीत देवनागरीतलं वाक्य इंग्रजीतल्या वाक्यापेक्षा मूळ प्रसंगाच्या जास्त जवळ जातं.

सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द शिकवताना आपण बहुतेक वेळा जोड्यांची यादी देतो आणि पाठ करायला लावतो. त्या यादीत दोन या अर्थाचा ‘टू’ आणि ‘-पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ पहिल्याच ओळीत असतात, इतके सोपे की कोणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही. या प्रकरणात नेमकी हीच सोपी जोडी आहे. इथला कॅप्टन अमेरिकन विमान कंपनीचा होता. इंग्रजी कच्चं असल्यामुळे झालेली चूक म्हणून तिच्यावर पडदा टाकता येत नाही.

गोंधळ नेमका कुठे झाला

सारखे उच्चार असणं एवढ्याने घोटाळा होत नाही. समुद्र आणि बघणे या दोन्ही अर्थी इंग्रजीत ‘सी’ असतं, पण ‘आय सी द सी’ हे वाक्य कुणालाही अडत नाही. ‘आय’च्या पुढे क्रियापदच येणार आणि ‘द’च्या पुढे नामच, त्यामुळे वाक्यातली जागाच शब्द ठरवून टाकते. घोटाळ्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. उच्चार एक हवा, वाक्यातल्या त्या जागी दोन्ही शब्द व्याकरणाने बसायला हवेत, आणि दोन्ही अर्थ त्या प्रसंगात, निदान त्या क्षणी, खपायला हवेत.

‘डिसेंड’च्या पुढची जागा अशीच आहे. तिथे थेट आकडा येऊ शकतो आणि आकड्याआधी ‘टू’ही येऊ शकतो. रेडिओवर दोन्ही प्रकारे बोललं जातं. म्हणजे ऐकणाऱ्याला व्याकरणाची काहीच मदत नाही. उरली अर्थाची मदत.

मराठी माणसाला हा सापळा मुळात सुचतच नाही. आपल्याकडे ‘-ला’, ‘-वर’, ‘-पर्यंत’ हे सगळं आकड्याच्या मागे, त्याला चिकटून येतं. ‘चारशेपर्यंत उतरा’ आणि ‘दोन हजार चारशेपर्यंत उतरा’ यांत आकड्याच्या आधी दुसरं काही येण्याची सोयच नाही. इंग्रजीत नातं दाखवणारा शब्द आकड्याच्या पुढ्यात उभा राहतो, नेमका तिथेच जिथे आणखी एक आकडा उभा राहू शकतो. ‘टू’ आणि ‘फॉर’ हे इंग्रजीतले दोन अतिवापराचे शब्द आकड्यांसारखेच ऐकू येतात, आणि आकड्याच्या दारातच त्यांची जागा आहे.

आता उच्चाराचं. शब्दकोशात छोट्या ‘टू’चे दोन उच्चार दिलेले असतात. एक भरीव, आकड्यासारखाच. दुसरा हलका, ‘ट’ म्हणून तोंडातल्या तोंडात विरणारा. सहज बोलण्यात मातृभाषक बहुधा हलका वापरतात, आणि आकडा मात्र कधीच हलका होत नाही. त्यामुळे समोरासमोर बोलताना सवयीच्या कानाला फरक कळू शकतो. पण रेडिओवर माणूस शब्द सुटे करून, ठासून बोलतो. शिवाय आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या इंग्रजीत हा हलका उच्चार फारसा होतच नाही, आपण प्रत्येक ‘टू’ पूर्ण उच्चारतो. म्हणजे ज्या एका खुणेवर कान विसंबला असता, तीही जाते.

दुसऱ्या जोडीत मराठी कानाची वेगळी फसगत आहे. साठी या अर्थाचा शब्द आपण ‘फॉर’ म्हणतो आणि चार म्हणजे ‘फोर’. आपल्या तोंडी हे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाच्या ठाशीव उच्चारात ते एकच असतात. आपण जो फरक ऐकू पाहतो तो समोरच्याने केलेलाच नसतो, आणि आपण जो फरक करतो त्याकडे समोरच्याचं लक्ष नसतं.

आकडा कसा बोलायला हवा होता

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम सरळ आहे. पूर्ण शेकडा किंवा हजारात असलेली उंची सुट्या अंकांनी बोलायची नाही, ‘हंड्रेड’ आणि ‘थाउजंड’ लावून बोलायची. २,४०० म्हणजे ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’. हे वाक्य त्या दिवशी तसं बोललं गेलं असतं तर ‘टू’ला ‘-पर्यंत’ समजायला वावच राहिला नसता, कारण ‘टू’च्या पाठोपाठ ‘थाउजंड’ आलं असतं आणि ‘-पर्यंत हजार’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही. हजार हा शब्द इथे ‘टू’ला आकडा म्हणून बांधून टाकतो.

याच संघटनेने रेडिओसाठी अंकांचे खास उच्चार ठरवलेले आहेत. तीनला ‘ट्री’, चारला ‘फोअर’ असा दोन तुकड्यांत, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’, हजारला ‘टाउझंड’. पाच आणि नऊ खरखरीत एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांची शेपटं बदलली. चारचे दोन तुकडे केल्यामुळे तो ‘फॉर’पासून सुटतो. दोनचा उच्चार मात्र ‘टू’च ठेवला आहे. तिथे उच्चार ताणून काही साधत नाही, म्हणून वाक्यच बदलावं लागतं. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या रेडिओ-नियमांत हे फार नेमकं केलेलं आहे. उंची फ्लाइट लेव्हलमध्ये, म्हणजे शेकडा फुटांच्या ठरावीक पातळीने, सांगायची असेल तर ‘टू’ गाळायचा. फुटांत सांगायची असेल तर ‘टू’च्या लगेच पुढे ‘अल्टिट्यूड’ किंवा ‘हाइट’ हा शब्द घालायचा आणि मग आकडा. ‘टू’ आणि आकडा यांची गाठच पडू द्यायची नाही. सारख्या उच्चारावरचा इतका चोख इलाज भाषेच्या पुस्तकांत क्वचित सापडतो.

दुसरी पायरी उत्तराची. वैमानिकाने सूचना पुन्हा बोलून दाखवायची आणि नियंत्रकाने ती लक्ष देऊन ऐकून, चुकली असेल तर तिथेच दुरुस्त करायची. ‘ओके, फोर झिरो झिरो’ या उत्तरात विमानाची ओळख नाही, ‘डिसेंड’ नाही, ‘फीट’ नाही. नुसते तीन अंक. ‘डिसेंडिंग फोर हंड्रेड फीट’ असं पूर्ण उत्तर गेलं असतं तर ‘चारशे फूट’ हे शब्द नियंत्रकाच्या कानाला खटकण्याची शक्यता कितीतरी वाढली असती. आपणच दिलेली सूचना परत ऐकताना मन आपल्याला हवं ते ऐकतं. गळलेला एक अंक ते स्वतःच भरून टाकतं. म्हणून उत्तर देताना समोरच्याचे शब्द जसेच्या तसे परत करण्यापेक्षा आकडा दुसऱ्या रूपात परत केलेला बरा. सुटे अंक ऐकले तर हजार-शेकड्यांत सांगा, हजार-शेकड्यांत ऐकले तर सुटे अंक सांगा. विमानात हे स्वातंत्र्य नसतं, तिथे ठरलेलं रूपच वापरावं लागतं. फोनवर ते आपल्याला असतं.

तिसरी पायरी अर्थाची, आणि इथे वाईट वाटतं. सुबांगची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ९० फुटांवर आहे. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारात विमान दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट खाली येतं. म्हणजे ४०० फूट ही उंची धावपट्टीपासून सागरी मैलभर अंतरावरच शोभते. विमान त्याहून बरंच दूर होतं, खाली टेकड्या होत्या. उच्चाराने दोन अर्थ दिले, पण परिस्थितीने त्यातला एकच शक्य ठेवला होता. हा ताळा करायला काही सेकंद लागतात.

ते सेकंद का मिळाले नाहीत, हे कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून कळतं. कोणत्या पद्धतीने उतरायचं यावरच एकमत नव्हतं. एनडीबी पद्धतीची परवानगी मिळालेली असताना कॅप्टन आयएलएसचाच, म्हणजे धावपट्टीची दिशा आणि उतार रेडिओने दाखवणाऱ्या उपकरणाचाच, उल्लेख करत होता, आणि ते उपकरण बंद असल्याची नोंद उड्डाणाच्या कागदपत्रांत होती. सहवैमानिकासमोर एनडीबीचा नकाशा नव्हता. उतरण्याआधीची चर्चा झाली नव्हती. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र वेळेत बोललं, तरी त्यावर हालचाल झाली नाही. एका शब्दाने विमान पडत नाही. पण बाकीच्या ढिलाईला खोटी उंची पुरवली ती त्या शब्दाने.

त्याच कॉकपिटमध्ये उच्चाराचा आणखी एक गुंता होता. क्वालालंपूरला सगळे ‘केएल’ म्हणतात. तिथल्या एका रेडिओ-दिव्याची खूण केएल, दुसऱ्या उपकरणाच्या खुणेतही केएल, आणि ‘केयेल’ नावाचा एक बिंदू. अक्षरं सुटी म्हटली काय आणि नाव म्हटलं काय, कानाला एकच. अशा जागी अक्षरं ‘किलो लिमा’ अशी सांगण्यासाठीच १९५६ सालापासूनची ती प्रसिद्ध वर्णमाला आहे. बी, डी, पी, टी, व्ही यांच्या गोंधळावरही तिचाच उतारा. तिच्यात ‘अल्फा’चं स्पेलिंग पीएचऐवजी एफने करतात, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यालाही ते बरोबर वाचता यावं. एवढा बारीक विचार तिथे झालेला आहे.

मराठी कान आणि मराठी चाळणी

सारख्या उच्चारांचा त्रास आपल्याला नवा नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे दोरा. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही आणि तरीही अडत नाही, कारण वाक्यातली जागा अर्थ सांभाळते.

इंग्रजीत शिरताना मात्र आपण स्वतःच्या काही जोड्या सोबत नेतो, ज्या इंग्रजीत नाहीतच. परीक्षा आणि चव दोन्ही ‘टेस्ट’. फाटक आणि मिळणे दोन्ही ‘गेट’. पश्चिम, बनियन आणि कचरा तिन्ही ‘वेस्ट’. पत्र आणि ‘नंतर’ दोन्ही ‘लेटर’. देवनागरीची एकच मात्रा इंग्रजीतले दोन वेगळे स्वर पांघरते, एक आखूड आणि एक ‘ए’पासून ‘इ’कडे सरकणारा. पश्चिमेचा आखूड, कचऱ्याचा सरकता. बनियनच्या शब्दात स्वर पश्चिमेचाच, फक्त सुरुवातीला ओठ दातांना टेकतात. हे प्रश्न स्पेलिंग पाठ करून सुटत नाहीत, तोंडाने सुटतात. शिकवताना ही यादी आणि ‘टू’ची यादी एकत्र करू नये.

लिहिताना खऱ्या सारख्या उच्चारांसाठी आपल्याजवळ एक चांगली चाळणी आहे : मराठीच. संगणकाचा स्पेलिंग तपासनीस इथे बऱ्याचदा गप्प बसतो, कारण चुकीचा शब्दही शब्दकोशात असतोच. त्या जागी मराठी घालून पाहा. ‘-ला, -कडे, -पर्यंत, -साठी’ बसलं तर टी-ओ. ‘सुद्धा’ किंवा ‘नको इतकं’ बसलं तर टी-डबल ओ. ‘दोन’ बसलं तर टी-डब्ल्यू-ओ. ‘देअर’चंही तसंच : ‘तिथे’ किंवा नुसतं ‘आहे’ आलं तर एच-ई-आर-ई शेपटी, ‘त्यांचा-त्यांची-त्यांचं’ आलं तर ई-आय-आर, ‘ते आहेत’ आलं तर अपॉस्ट्रॉफी. ‘इट्स’मध्ये ‘त्याचं’ आलं तर अपॉस्ट्रॉफी नाही, ‘ते आहे’ आलं तर आहे. इथे भलेभले चुकतात, कारण मालकी दाखवायला अपॉस्ट्रॉफी लागते हा नामांचा नियम ते सर्वनामाला लावतात. ‘हिज’ला कुठे अपॉस्ट्रॉफी असते? ‘वेदर’च्या जागी ‘हवामान’ की ‘की नाही’, एवढं विचारलं की स्पेलिंग आपोआप निवडलं जातं.

जे शब्द मराठीने आपलेच करून टाकले तिथे ही चाळणी मऊ पडते. ब्रेक गाडीचाही आणि चहाचाही. चेक बँकेचाही आणि ‘चेक कर’मधलाही. साइट बांधकामाची. इथे शब्दाचं घराणं लक्षात ठेवावं. बेकरपासून बेकरी, ग्रोसरपासून ग्रोसरी, तसंच स्टेशनरपासून स्टेशनरी. म्हणून वह्या-पेनांच्या दुकानाला शेवटी ई-आर-वाय, आणि जागच्या जागी उभं असण्याला ए-आर-वाय. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे उपास मोडणं, म्हणून मोडण्या-थांबण्याचा ब्रेक ई-ए ने, गाडीचा ए-के-ई ने. दृष्टीची साइट ‘लाइट’च्या शेपटीची, जी-एच-टी. तत्त्व या अर्थाचा प्रिन्सिपल ‘रूल’सारखा एल-ई वर संपतो, मुख्याध्यापक ए-एल वर.

फोनवर आणि वर्गात

कॉकपिटमधली चूक दवाखान्याच्या खिडकीवर रोज होऊ शकते. ‘टायमिंग टू टू फोर’ म्हणजे दोन ते चार, पण फोनवर ते दोनशे चोवीसही वाटेल. ‘वन टू टू टॅबलेट्स’ यात एक ते दोन गोळ्या आहेत की एक-दोन-दोन असा सकाळ-दुपार-रात्रीचा हिशोब? हे इंग्रजीत सांगावंच लागलं तर ‘बिट्वीन टू अँड फोर पीएम’ म्हणावं. गोळ्यांचं ‘वन ऑर टू’. ‘फॉर फोर डेज’ऐवजी ‘ड्युरेशन, फोर डेज’. आकड्याच्या लगेच आधी ‘टू’ किंवा ‘फॉर’ येऊ द्यायचा नाही आणि आकड्यानंतर एकक बोलायला विसरायचं नाही, मग ते फूट असो, रुपये असो की दिवस. ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’साठी ‘फाइव्ह झिरो’, ‘वन फाइव्ह’ म्हणायची पद्धत आपल्याकडे आहे, ती चांगली आहे. फक्त तिथेही शेवटी पूर्ण आकडा एकदा बोलावा. क्वालालंपूरला नुसते सुटे अंकच होते.

वर्गात हे प्रकरण घ्यायचं तर नेहमीच्या श्रुतलेखनात थोडा बदल करावा. शिक्षकाने आठ-दहा वाक्यं सपाट आवाजात, ‘टू’ आणि ‘फॉर’ पूर्ण उच्चारून वाचायची. मुलांनी लगेच स्पेलिंग लिहायचं नाही, शंकेच्या जागी चौकोन काढायचा. दुसऱ्या वाचनात चौकोनाखाली तिथे बसणारे सगळे मराठी अर्थ लिहायचे. एकच अर्थ बसला तर स्पेलिंग भरायचं. दोन बसले तर चौकोन रिकामा ठेवून शेजारी बोलणाऱ्याला विचारायचा प्रश्न लिहायचा. बहुतेक चौकोन पटकन भरतात, आणि भरलेले चौकोन तपासण्यात फार वेळ घालवू नये. खरा तास रिकाम्या चौकोनांवर खर्च करावा. ‘पुन्हा सांगा’ हा प्रश्न तिथे बाद धरावा, कारण पुन्हा सांगितलं तरी उच्चार तोच येणार. ‘हजार किती, शेकडे किती?’ हा चालतो.